उमेदवाराची ओटी

दुबईहून आलेल्या माणसाला आमच्या गावात पहिला प्रश्न विचारतात, "काय आणलंस?" माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे मला तो दळणागणिक ऐकावा लागला. खजूर आणले होते, ते दोन दिवसांत संपले. साबण आणि डोकेदुखीचे बाम जाऊबाईंनी दिलेले, तेही वाटून झाले. मग मी खरं सांगायला लागले. म्हटलं, भांडण आणलंय बायांनो. चांगलं मोठं, घरचं, सख्ख्या दिराशी. गिरणीच्या घरघरीत तेच तेच ओरडून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते.

वसंतभाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे, सुरेशचे, थोरले भाऊ. तरुणपणी तिकडे सुतारकामाला गेले, आता स्वतःचा दरवाजांचा कारखाना आहे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत "या एकदा" असं ते दर गणपतीला म्हणायचे आणि आम्ही "येऊ की" म्हणायचो. यंदा सरपंचपदाची सोडत निघाली, आमच्या गावात बाईची जागा आली, आणि त्याच आठवड्यात आम्हा दोघांची तिकिटं आली. माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजायला हवी होती. पण मी कधी विमानात बसले नव्हते हो! मी साड्या बघत बसले.

शारजा

निघायच्या आधी जाऊबाईंचा फोन. "शैला, काहीही आण, पण खसखस आणू नकोस. इथं ती अफूत धरतात. विमानतळावरच आत टाकतील." झाली का पंचाईत! मी अनारशांचं पीठ भिजवून तयार ठेवलेलं. शेवटी पीठ नेलं आणि खसखस शेजारी देऊन टाकली. शारजात पोचल्यावर दुसऱ्या सकाळी जाऊबाईंच्या ओट्यावर अनारसे घातले, तर पहिले दोन तुपात हसले, पार विरघळून गेले. बाकीचे जमले, पण टकले दिसत होते. भाऊजींनी मात्र उभ्या उभ्या पाच खाल्ले.

भाऊजींचा कारखाना दुबईत आणि घर शारजात, कारण शारजात भाडं कमी. त्यापायी माणूस रोज किती वेळ गाडीत बसतो, ते मी बघितलं. रस्ता कसला, चांगला सहापदरी, पण सकाळी त्यावर गाड्या नुसत्या चिकटलेल्या. जाऊबाई म्हणाल्या, "भाड्यात वाचतं ते या रस्त्यावर जातं. आमचा निम्मा संसार फोनवर झाला, 'कुठं आलात' विचारण्यात." त्या हसत म्हणाल्या, पण मला वाईट वाटलं.

त्यांची मुलगी रिया कॉलेजात जाते. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार पहिल्या दिवशीच झाला. "रिया, भाकरी खाशील?" "काकू, ऑफकोर्स, बट ओन्ली वन." भाकरी मात्र तीन खायची. तिच्यासाठी म्हणून आम्ही मासळीबाजारात गेलो. आहाहा! काय तो बाजार! गार हवा सोडलेली, फरशी चकचकीत, आणि सुरमया अशा ओळीने निजवलेल्या. विकणारा केरळचा, घेणाऱ्या आम्ही कोकणातल्या, भाव हिंदीत. "पैंतीस दिरहम," तो म्हणाला. मी मोठ्याने म्हटलं, "म्हणजे आठशेच्या वर!" जाऊबाई म्हणाल्या, "शैला, असं रुपयात मोजलंस तर इथं उपाशी मरशील." मी तरी कल्ले उचलून बघितल्याशिवाय घेतली नाही. तो वैतागला, पण आतल्या टोपलीतली ताजी काढून दिली त्याने.

रास अल खोर

कारखाना रास अल खोरला. तिथं नुसत्या वखारी, गॅरेजं, लोखंडाचे ढीग. दुबईचे फोटो बघून जी दुबई डोक्यात असते, ती इथं नाहीच. मला आवडलं. लाकडाच्या भुशाचा वास आला आणि मला आमच्या मामंजींची पडवी आठवली. मामंजीसुद्धा सुतार, नांगर आणि गाड्यांची चाकं करायचे. भाऊजी त्यांच्याच हाताखाली शिकले.

इथं मात्र दरवाजे असे, की आमचं अख्खं घर एका दरवाजातून आत जाईल! इथल्या लोकांच्या बंगल्यांना लागतात ते. भाऊजी एकेका दरवाजावरून हात फिरवत सांगत होते. पहिल्यांदा इथं आले तेव्हा ते आठ जणांत एका खोलीत राहिले. पहिला मालक नुसतं लाकूड उचलायला लावायचा. एकदा एका अरबाच्या घरचा जुना दरवाजा फुगून बसला होता, तो भाऊजींनी न तोडता दुरुस्त केला. तो माणूस इतका खूश झाला, की पुढे त्यानेच भागीदारीत परवाना काढून दिला. "तेव्हापासून हबीबी झालो मी त्याचा, जिगरी दोस्त," भाऊजी म्हणाले.

आणि हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल वाकडं लिहिणार आहे. आमच्या भागातली जी पोरं तिकडे आहेत, त्यांचं भाऊजींशिवाय पान हलत नाही. कुणाची नोकरी गेली, भाऊजी. कुणी आजारी पडलं, भाऊजी. आमच्या खालच्या वाडीतला एक जण तिकडे हार्टने गेला, तेव्हा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून त्याला गावी पाठवणारे तेच. तिकडे त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही, पण ते पुढारी आहेत आणि ते त्यांना शोभतं.

चहा पिताना ते म्हणाले, "बघ शैला, इथं आयुष्य गेलं, पण इथं मला मत नाही. गावात मत आहे, तर तिथं मी नाही. म्हटलं होतं, आता परत जायचं आणि गावाचं काहीतरी करायचं. सरपंच व्हायचं. सगळी तयारी केली, आणि सोडतीत काय निघालं? बाई!"

त्यांनी ते 'बाई' असं म्हटलं, जसं काही चिठ्ठीतून पाल निघाली. पण ते खरंच मनापासून बोलत होते, म्हणून मी ते तिथंच सोडून दिलं.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर एक चित्र दाखवलं. आमच्या गावाच्या फाट्यावर भली मोठी कमान! दोन बाजूंना हत्ती, वर मामंजींचं नाव. लाकूडकाम इथं करून बोटीने पाठवणार. पॉलिशवाला महेश कौतुकाने बघत होता. हा महेश आमच्याच खालच्या वाडीतला, भाऊजींकडे सात-आठ वर्षं आहे. त्याची बायको प्रणाली गावी असते, माझ्याकडे दळण आणते. मी त्याला विचारलं, "काय रे, कशी वाटते कमान?" तो म्हणाला, "एक नंबर, वहिनी." मग हळूच म्हणाला, "प्रणाली म्हणत होती, यंदा पाणी पौषातच कमी झालं."

अल ऐन

शनिवारी सगळे अल ऐनला गेलो. शारजा-दुबईच्या धावपळीतून तिथं गेलं की कानाला बरं वाटतं. वाटेत नुसती लाल वाळू, मधूनच उंट. मी उंट बघून ओरडले, तर रिया म्हणाली, "काकू, दे आर जस्ट कॅमल्स." तिला म्हटलं, तू आमच्याकडे रेडा बघून ओरडतेस तेव्हा मी काही बोलते का?

गाडीतच भाऊजींनी विषय काढला. पुढच्या सीटवर हे, मागे आम्ही बायका. भाऊजी आरशात बघून म्हणाले, "शैला, तुला उभं राहायचंय. मी ठरवलंय."

"मला न विचारता?"

"विचारतोय की आता! तू बी.ए. आहेस, गिरणीमुळे घराघरात ओळख आहे. ही इथं असते, तिचं नाव गावच्या यादीत नाही, नाहीतर हिलाच उभं केलं असतं. तुला टेन्शन काही नाही. फक्त उभं राहायचं आणि सही करायची. मीटिंगला सुरेश जाईल, डिसिजन मी इथून देईन. व्हिडिओ कॉल आहे, यल्ला, चला, काम फास्ट!"

जाऊबाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. हे तर आपले समोर रस्त्याकडे बघत, तोंडात मूग. मला एकदम गरम झालं. पण खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्याही झाल्या. सरपंच! मला ते व्हायचं होतं. सोडत निघाली त्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं, पण घरात बोलायची हिंमत केली नव्हती.

मी म्हटलं, "उभी राहीन. पण मग काम मीच करीन."

"अरे, करा की!" भाऊजी मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला.

अल ऐनच्या खजुराच्या बागेत शिरलो. उन्हातून आत गेलं की एकदम गारवा. झाडांच्या मधून पाण्याचे पाट गेलेले, त्याला तिथं फलज म्हणतात. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून आणलेलं, आणि पूर्वापार प्रत्येक बागेला पाळी ठरलेली. मला राहवेना. चपला काढल्या आणि पाटात पाय सोडले. इतक्यात तिथला माळी, पेशावरकडचा, धावत आला. "मॅडम, नहीं! पाँव नहीं!" मी ओशाळले, पाय काढताना शेवाळावरून घसरले आणि चांगली बसकण मारली. साडी ओलीचिंब. रिया हसून हसून लाल झाली. तो माळीही हसला, मग त्याने हात दिला. मी त्याला विचारलं, "पहिल्या बागेवाल्याने पाळी मोडून सगळं पाणी घेतलं तर?" तो म्हणाला, "कैसे लेगा? शेवटच्या झाडाचा मालकही माणूसच आहे ना, तो भांडायला येईल."

मी ओल्या साडीने तिथंच उभी राहून भाऊजींना म्हटलं, "बघा! आणि आपल्याकडे?"

आमच्याकडचं सांगते. झऱ्याचं पाणी टाकीत येतं, टाकी वरच्या वाडीत. आम्ही वरच्या वाडीचे. व्हॉल्व्ह आमच्याकडे. आधी आमचे हंडे, आमच्या पोफळी, आमच्या गाड्या धुऊन होतात, मग उरलं तर खालची वाडी. शिमग्यानंतर तिथल्या बाया पऱ्यात, आटलेल्या ओढ्यात, खड्डे खणून वाटी वाटीने पाणी भरतात. त्यांच्या पिठाच्या डब्याला तेव्हा चिखलाचे हात लागलेले असतात. मला ते दर वर्षी दिसतं.

"दिवसाआड पाळी लावायची," मी म्हटलं. "सरपंच झाले की पहिलं काम ते."

भाऊजी थांबले. "शैला, वेडी आहेस का? वरची वाडी आपली मतं आहेत. पाण्याला हात लावायचा नाही. पहिलं काम कमान."

"कमानीतून काय पाणी येणार आहे?"

"भावना असतात लोकांच्या. तुला नाही कळायचं."

ते पुढे गेले. परतीच्या वाटेवर एका टपरीवर गाडी थांबवून कडक चहा घेतला, वेलची घातलेला, दुधाळ. फार चांगला होता. तोही मला नीट गोड लागला नाही.

पुन्हा शारजा

रविवारी भाऊजींनी गाववाल्यांना घरी बोलावलं. बाहेर हॉलवर सभा घ्यायची तर परवानगी लागते, म्हणून घरातच. पंचवीस-तीस माणसं त्या दिवाणखान्यात मांडीला मांडी लावून बसली. काही साइटवरून तशीच आलेली, काही अत्तर लावून. जाऊबाईंनी आणि मी मोठं पातेलंभर मटणवडे केले होते. ही पोरं फोनवर घरी सांगणार आणि घरचे मत देणार, म्हणजे खरी प्रचारसभा हीच.

टीव्हीवर बॅनर लागला. मी वड्यांचं ताट घेऊन बाहेर आले आणि बघतच राहिले. एका बाजूला भाऊजी, कोटात, मोबाईल कानाला. दुसऱ्या बाजूला हे. त्यांना कोट कॉम्प्युटरवर चढवलेला. आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी मी. रेशनकार्डावरचा फोटो, डोळे अर्धे मिटलेले. खाली नाव, 'सौ. शैला, वसंतशेठ यांच्या भावजय'.

महेश माईकशिवायच सूत्रसंचालन करत होता. "आता आपल्या लाडक्या उमेदवारांच्या निमित्ताने सत्कार!" मी पदर सारखा केला. शाल आणि श्रीफळ भाऊजींना दिलं. टाळ्या. मग दुसरी शाल उमेदवाराचे पती म्हणून ह्यांना. टाळ्या. मी वाट बघत होते. तिसरी शालच नव्हती! महेश म्हणाला, "आता ताई वहिनींची ओटी भरतील."

पाट मांडला. जाऊबाईंनी मला हळद-कुंकू लावलं, आणि माझ्या पदरात खण, नारळ, तांदूळ घातले. ओटीला मी नाव ठेवत नाही. ओटी मला प्रिय आहे, माहेरी भरतात तेव्हा डोळे भरून येतात. पण निवडणूक कोण लढवतंय? मी! सत्कार कुणाचा? त्यांचा! आणि माझी पाठवणी करतात तशी ओटी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवायला बसायची गडबड सुरू होत होती. मी पदर दोन्ही हातांनी तसाच धरून पाटावर उभी राहिले.

"थांबा. उमेदवार बोलणार आहे."

भाऊजी हसून म्हणाले, "बोल बोल, दोन शब्द बोल."

मी म्हटलं, "दोनात नाही व्हायचं, भाऊजी. या घरात मी पाहुणी आहे, तुमचं मीठ खाल्लंय. तुम्ही या पोरांसाठी जे केलंत त्याला तोड नाही. पण गावात तुम्ही राहत नाही, मी राहते. मी उभी राहणार, ती माझ्या नावावर. कुणाची भावजय म्हणून नाही, कुणाची सही म्हणून नाही. मीटिंगला मी जाणार. आणि पहिलं काम पाण्याची पाळी लावणार, एक दिवस वरची वाडी, एक दिवस खालची. कमान नंतर. हे पटत असेल त्यांनी घरी फोन करा. नसेल पटत, तर वडे गरम आहेत, जेवून जा."

बोलताना पदरातून तांदूळ सांडत होते. कुणी टाळी वाजवली नाही. खालच्या वाडीची चार-पाच पोरं होती, ती मान खाली घालून बसली. वरची वाडी भाऊजींकडे बघत होती.

भाऊजींचा चेहरा काळवंडला. "खलास," ते म्हणाले. "ठीक आहे. मग माझ्याशिवाय निवडून येऊन दाखव."

"न आले तरी उभी राहीन," मी म्हटलं.

तेव्हा हे उठले. मला वाटलं, आता मला हाताला धरून आत नेणार. ह्यांनी अंगावरची शाल काढली, नीट घडी घातली, टीव्हीखाली ठेवली आणि माझ्या पाटाशेजारी येऊन उभे राहिले. थोरल्या भावासमोर ह्यांनी आयुष्यात कधी आवाज केलेला नाही, त्यामुळे एवढं मला पुष्कळ होतं.

स्वयंपाकघरात भांडी आवरून झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "बोललीस ते बरोबर होतं. पण माझ्या घरात, माझ्या माणसाला, चार लोकांत बोलायला नको होतंस." मी म्हटलं, "ताई, चार लोकांत त्यांनीच बसवलं मला." त्या ओटा पुसायला लागल्या. निघताना मात्र पिशवीत खजुरांचा डबा कोंबला.

विमानतळावर सोडायला रिया आली, भाऊजी नाही आले. तिने मला मिठी मारली आणि चक्क मराठीत म्हणाली, "काकू, भारी बोललात."

गावी

पुढचं थोडक्यात. भाऊजी दिल्या शब्दाला जागले. त्यांनी माझ्याविरुद्ध प्रणालीला उभं केलं, महेशच्या बायकोला. हिशेब सरळ होता. तिचा नवरा भाऊजींच्या कारखान्यात, भाऊजींच्या खोलीत, म्हणजे ती शब्दाबाहेर जाणार नाही. खालच्या वाडीला आपली सून मिळाली, ती तिकडे गेली. वरच्या वाडीला आपलं पाणी जाईल म्हणून माझा राग, तीही गेली. मी दारोदार फिरले, पाळीचं बोलणं कुठंही बदललं नाही, आणि पडले. चांगली आपटले. गिरणीवर काही दिवस लोक माझ्या नजरेला नजर देईनात. मी पीठ तेवढंच बारीक दळून दिलं.

मग पहिली ग्रामसभा आली. हे म्हणाले, "जायलाच हवं का?" मी म्हटलं, हो. बायांच्या रांगेत पुढे बसले. टेबलामागे प्रणाली, नवीन साडी, मान खाली. तिच्यासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून एक मोबाईल उभा, आणि त्यात वसंतभाऊजी. मागून रास अल खोरची करवत ऐकू येत होती. ग्रामसेवक काही वाचायचे, भाऊजी उत्तर द्यायचे, प्रणाली मान हलवायची. कमानीचा ठराव आला.

मी उभी राहिले. "सरपंचांना माझा प्रश्न आहे. खालच्या वाडीला पाणी कधी?"

"त्याचं असं आहे, शैला," फोन म्हणाला.

"मी फोनला विचारलेलं नाही. सरपंचांना विचारलंय."

"प्रणाली सांगेल नंतर. पुढचा विषय घ्या."

"सरपंच, पाणी कधी?"

कुणीतरी मागून "बसा खाली" ओरडलं. मी बसले नाही. प्रणालीने पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग त्या फोनकडे. तिच्या नवऱ्याची नोकरी, त्याचं राहणं, सगळं त्या फोनमधल्या माणसाच्या हातात होतं, आणि हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिने हात पुढे केला. सगळ्यांना वाटलं, आवाज वाढवतेय. तिने लाल बटण दाबलं, फोन टेबलावर पालथा घातला आणि म्हणाली,

"उद्या सकाळी व्हॉल्व्हवर या, शैलावहिनी. गंजलाय तो, माझ्या एकटीच्याने फिरायचा नाही."